स्वयंपाकघर नसलेलं घर

ते घर मी निवडलं. हे आधीच सांगून टाकते, कारण आता आमच्यात जो उठतो तो त्याचं श्रेय आपल्याकडं ओढतो. धाकटी म्हणते, फोनवर शोधून काढलं मी. आमचे हे म्हणतात, गाडीनं नांदेडच्या स्टँडपर्यंत सोडलं मी. आणि दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, चारचौघांत सांगतात की बायकांना असं मोकळं सोडायला मोठं मन लागतं. सांगू देत. घर मी निवडलं, आणि का निवडलं हेही मलाच माहीत आहे.

आम्ही तिघी बहिणी. थोरली अक्का मुखेडजवळच्या खेड्यात दिलेली. घरची शेती आणि दारात सतत माणसांचा राबता. मधली मी, उदगीरला. आमची धान्याच्या मोंढ्यात आडत आहे. धाकटी निलंग्याला शाळेवर शिकवते, आणि शिकवता शिकवता घरच्यांनाही शिकवते. तिघींची भेट व्हायची ती माहेरी, दिवाळीला नाही तर राखीला, आणि तीसुद्धा स्वयंपाकघरात. एकजण कणीक मळणार, एक लाटणार, एक भाजणार, आणि बोलणं काय व्हायचं ते तव्याच्या धुरात. भाऊ-वहिनी जिवाला जीव देणारे आहेत, पण घर त्यांचं. तिथं आम्ही पाहुण्या.

अक्काचा स्वभाव असा की तिला कुणी हाक मारली आणि ती उठली नाही, असं मी कधी पाहिलं नाही. जेवता जेवता उठेल, आजारातून उठेल. बोलावणं आलं की निघाली, कुणाचं का असेना. तिच्या तोंडून नकार ऐकायची आमच्या घराला सवयच नव्हती आणि लोकांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. हे मी त्या लोकांच्या तोंडावरही बोललेली आहे, त्यामुळं मुखेडकडं माझं नाव फारसं चांगलं नाही.

मागच्या दिवाळीत आम्ही माहेरच्या गच्चीवर बसलो होतो. समोर गावामागचा डोंगर. लहानपणी अक्का त्या डोंगरावर सीताफळं आणायला जायची आणि गावातल्या पोरांच्या आधी वर पोचायची. मग तिला लुगडं नेसवलं, डोंगर बंद झाला, आणि पुढच्याच वर्षी लग्न. त्या दिवशी डोंगराकडं बघत ती एकदम म्हणाली, “मला येकदा डोंगर चढायचाय गं. देवाचा न्हाई. नुसता डोंगर.”

धाकटी हसली. अक्का हसली नाही.

“आन् खाली उतरल्यावर कुणाच्या घरात भाकरी थापायला बसायचं न्हाई. अशा घरात राहायचं जे कुणाचंच न्हाई. भावाचं न्हाई, सासऱ्याचं न्हाई, लेकाचं बी न्हाई.”

एवढं बोलून ती खाली गेली, कारण वहिनीनं हाक मारली होती. मी मात्र तिथंच ठरवलं. मी एकदा मनावर घेतलं की मागं हटत नाही, याचा अनुभव सासरच्या मंडळींनी भरपूर घेतला आहे.

जायचं ठरलं ते संक्रांतीनंतर, किनवट-माहूरकडच्या जंगलात. डोंगर आहे, सागवान आहे, आणि दोरी लावून कडे चढणारी पोरं-पोरी तिकडं येतात असं धाकटीनं कुठंतरी पाहिलं होतं. घरात विषय काढला तर आमचे हे म्हणाले, “देवीला चाललात का? मग सगळेच जाऊ.” सासूबाईंनी विचारलं, नवस कसला बोलली होतीस. मी म्हटलं, नवस नाही, डोंगर चढायला चाललोय. “मग पायऱ्या हायेतच की तिथं,” हे म्हणाले. देवीबद्दल माझी तक्रार नाही, आजवर कितीदा तरी गेले आहे. पण तिथं गेलं की दर्शन घ्यायचं, पुरण घालायचं, सवाष्ण जेवू घालायची, भांडी घासायची आणि परतायचं. म्हणजे पुन्हा चूलच. नुसतं चालण्यासाठी कुणी चालतं, हे आमच्या घरात पटवायला मला आठवडा लागला.

मग घर शोधणं सुरू झालं. धाकटीच्या फोनवर घरांचे फोटो यायचे, ती आम्हाला पाठवायची, आणि संध्याकाळी तिघी व्हिडिओवर बसून स्थळ बघितल्यासारखं एकेक घर बघायचो. पहिलं एक फार्महाऊस होतं, त्यात पोहायचा हौद आणि मोठाले स्पीकर. धाकटीला आवडलं. मी विचारलं, त्या हौदात तू उतरणार की मी? ते तिथंच संपलं. दुसरे तंबू होते. अक्का म्हणाली, लग्नाच्या मांडवात झोपल्यासारखं वाटंल.

तिसरं घर खरंच चांगलं होतं. घरमालकाच्याच वाड्यातल्या दोन खोल्या, आणि मालकीणबाई स्वतः रांधून वाढणार. फोटोत त्या चुलीपुढं बसलेल्या होत्या. धाकटी म्हणाली, बघा, आयतं जेवण. पण मी अक्काच्या तोंडाकडं बघत होते. ती त्या बाईच्या चुलीकडं बघत होती.

“येकटीच करून राहिली का बाई सगळं?” अक्का म्हणाली. “सून न्हाई का तिला?”

मी ते घर तत्काळ खोडलं. अक्का पहिल्याच दिवशी त्या बाईच्या शेजारी बसून भाकरी थापायला लागली असती, हे मला स्वच्छ दिसत होतं. चौथा बंगला होता. त्यात ओट्यावर नवा मिक्सर, शेगड्या, डब्यांची ओळ. अक्काचे डोळे चमकले. “लई इंतजाम हाय की,” ती म्हणाली. म्हणून तोही खोडला. धाकटी वैतागली. तुला घर पाहिजे की भांडण, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, दोन्ही चालतील, स्वयंपाकघर चालणार नाही.

आणि मग ते घर आलं. गावाबाहेर, जंगलाला लागून, दोन खोल्यांचं, पुढं ओसरी. फोटो फारसे बरे नव्हते. धाकटीनं मालकाला व्हिडिओवर घेतलं तर तो बिचारा आधीच दिलगिरी व्यक्त करू लागला.

“मॅडम, एक सांगून ठेवतो, किचन नाही बरं का. चहापुरती विजेची किटली आहे. जेवणाचा डबा गावातल्या खानावळीतून येतो. म्हणून फॅमिलीवाले घेत नाहीत, ट्रेकिंगची पोरंच येतात.”

“किचन अजिबात नाही?” मी विचारलं.

“अजिबात नाही.”

“गॅस वगैरे मागवून तरी मिळेल का?”

“नाही मॅडम. आतमध्ये काही पेटवायलाच बंदी आहे, जंगल शेजारी आहे ना.”

माझा आनंद माझ्या पोटात मावेना. मी त्याला म्हटलं, घर दाखवा. त्यानं फोन हातात धरून सगळं दाखवलं. खोल्या, मोरी, दाराची कडी, ओसरी आणि ओसरीसमोरचा डोंगर. अक्कानं फक्त एवढंच विचारलं की उंबरा आहे का. होता. सागवानी, झिजलेला. मग मालकानं विचारलं, सोबत जेंट्स कोण आहेत? मी म्हटलं, जेंट्स घरी आहेत, स्वयंपाक करतायत. तो हसला, आणि घर ठरलं.

 अक्कानं मात्र नंतर मला एकटीला फोन केला. “चूल न्हाई मग घर कसलं, माय? आन् तिकडं जवळच वन्संचं गाव हाय. त्यांना कळलं की आपण भाड्यानं राहून राहिलाव, तर काय म्हणतील?” वन्सं म्हणजे दाजींची चुलतबहीण, नात्यानं अक्काची नणंद. आमच्याकडं दहा गावांच्या टापूत पाहुणे असताना पैसे देऊन परक्या घरात राहणं म्हणजे त्या पाहुण्यांच्या तोंडावर दार लावण्यासारखं आहे. मी म्हटलं, कळूच द्यायचं नाही. पण माझ्या मनात खरी भीती तीच होती. वन्संचं बोलावणं आलं तर अक्का उठणार, पिशवी उचलणार, आणि तिच्या वाट्याला आलेले ते तीन दिवस दुसऱ्याच कुणाच्या चुलीपुढं जाणार.

नांदेडहून एसटीनं निघालो. बायकांना अर्धं तिकीट, म्हणून धाकटी खिडकीशी ऐटीत बसली होती. पिशव्यांचं वजन विचारू नका. अक्कानं एवढे धपाटे आणले होते की गाडीभर लोकांना पुरले असते, आणि वर शेंगदाण्याची चटणी. धाकटीनं निलंग्याचा ऊस तोडून, कांड्या करून आणला होता. माझ्याकडं तिळगूळ, आणि माझ्या घरच्या हळदी-कुंकवात वाटलेल्या स्टीलच्या वाट्यांतल्या दोन, या दोघींसाठी ठेवलेल्या. एकीनंही डब्यावर विसंबायची हिंमत केली नव्हती.

घर फोटोपेक्षा चांगलं निघालं. पोचल्यावर अक्कानं दोन्ही खोल्या फिरून बघितल्या, पुन्हा फिरल्या. ती काय शोधते आहे ते आम्हाला कळत होतं. एका कोपऱ्यात स्टुलावर किटली होती, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तर ती ओसरीच्या पायरीवर नुसती बसलेली. सवयीनं उठली होती.

“काय करतेस?”

“काय न्हाई. हात कुठं ठेवावे ते कळंना गेलंय बाई.”

मी तिच्या शेजारी बसले. खूप वेळ आम्ही काहीच केलं नाही. हे लिहायला सोपं वाटतं, पण आम्हा दोघींच्या आयुष्यात असं काही न करता बसणं कधी झालं होतं ते आठवेना.

ऊन जरा वर आल्यावर डोंगराला लागलो. सागाची पानं वाळून वाटेवर इतकी पडली होती की चालताना एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. पुढं चढ लागला, आणि चढाच्या डोक्यावर कातळ. पलीकडच्या उभ्या अंगाला हेल्मेट घातलेली पोरं-पोरी दोरीला लटकत होती. आमच्या बाजूला कातळ तिरपा होता, दोरी लागत नव्हती, पण हात टेकवल्याशिवाय वर जाता येणार नव्हतं. मी तिथंच बसले. मला धाप लागली होती, आणि ज्यानं डोंगर बनवला त्याला मी दोन शब्द सुनावत होते. धाकटी म्हणाली, इथवर आलो, पुष्कळ झालं.

अक्कानं पायातले नातवाचे कॅनव्हासचे बूट काढले, नाड्या बांधून गळ्यात अडकवले, कासोटा खेचला आणि निघाली. मी हळू जा म्हणेपर्यंत ती माझ्या डोक्याच्या वर होती. तिचे पाय मी वर्षानुवर्षं शेणात, मातीत, उंबऱ्यावर बघितले होते. त्या कातळावर ते असे पडत होते की जणू मधली सगळी वर्षं त्यांना लागलीच नव्हती. ती एकदा थांबली, बोटांनी खाच चाचपली, आणि पुन्हा वर.

“ये की,” वरून आवाज आला. “पाय आडवा टाक. हितं खाच हाय बग.”

मग आम्ही दोघी कशाबशा गेलो, ती वरून सांगत होती तसं. वर अक्का पाय पसरून बसली होती. खाली सगळं जंगल, आणि जंगलाच्या कडेला आमच्या घराचं पत्र्याचं छप्पर. दोरीवाल्यांपैकी एका मुलीनं येऊन विचारलं, “आजी, तुम्ही कुठल्या?”

“मुखेडची,” अक्का म्हणाली, तेही अशा आवाजात की मुखेड म्हणजे राजधानी असावी.

मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की डोळे भरले. ही माझी बहीण आहे, असं त्या मुलीला मी दोनदा सांगितलं. तिनं विचारलं नव्हतं तरी सांगितलं.

उतरताना वाटेत बोरीची झुडपं होती. अक्कानं ओचा भरून रानबोरं वेचली. धाकटी म्हणाली, कोण खाणार एवढी? अक्का म्हणाली, हाताशी आलेलं सोडायचं कसं. घरी येऊन तिनं ती किटलीशेजारी फडक्यावर पसरून ठेवली. आणि आम्ही ओसरीवर आडव्या होतोय तोच फाटकाशी जीप थांबली.

वन्सं आणि त्यांचे यजमान. दाजींनी फोनवर सगळं सांगून टाकलं होतं, मोठ्या मनानं.

वन्सं उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या, पदर खोचून. “वैनी, आमी मेलाव काय? घर असताना हितं जंगलात भाड्यानं राहून राहिल्या? गावात तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाई तुम्ही. पुरण घातलंय. पिशव्या घ्या, बसा गाडीत.”

मी उठले. माझ्या तोंडाशी पुष्कळ आलं होतं, आणि ते बोलले असते तर दोन घरांचं येणंजाणं संपलं असतं. पण अक्का माझ्या आधी उठली. आत गेली. आतून पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. धाकटीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. चालली ही, असं वाटलं. डोंगर झाला तेवढंच.

अक्का पुढच्या खोलीत आली ती सतरंजी घेऊन. ती तिनं उंबऱ्याच्या आतच अंथरली. पुन्हा आत गेली, पाण्याचा तांब्या आणला. मग स्वतःचा कुंकवाचा करंडा.

“वन्सं, आत या. उंबऱ्याबाहेर उभं राहू नका. रथसप्तमी व्हायची हाय अजून, हळदी-कुंकू घ्या.”

वन्सं गडबडल्या. “अवो, हे कुणाचं घर...”

“या तर खरं.”

आता संक्रांत ते रथसप्तमी सवाष्णीनं दारात हळदी-कुंकू पुढं केलं तर नाही म्हणता येत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. आणि हळदी-कुंकू बाई देते ती स्वतःच्या घरात. दुसऱ्याच्या घरी जाऊन कुणी ते करत नाही. वन्संना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्या चपला काढून आत आल्या आणि सतरंजीवर बसल्या. अक्कानं हळद लावली, कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला. वन्संचा पदर पुढं घेऊन ओटी भरली. तांदूळ नव्हते, चूलच नव्हती तर तांदूळ कुठले. मघाची रानबोरं होती आणि निलंग्याच्या उसाची कांडी. वाण म्हणून माझ्याकडच्या दोन वाट्यांतली एक, जी खरं तर अक्काचीच होती.

मग तिनं वन्संच्या यजमानांना बसवून धपाटे वाढले आणि म्हणाली, “पुरण घातलंय तर वाया जाऊ देऊ नका. उद्या हिकडंच घेऊन या, आपण सगळे ओसरीवर जेवू. आमी न्हाई येत. आमचं घर सोडून कसं येणार?”

 वन्सं हातातल्या वाटीकडं बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, डोंगर खरंच चढलात का? अक्कानं बोटानं कातळ दाखवला. वन्सं बराच वेळ तिकडं बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “उद्या पुरण घेऊन येते तर मला बी नेता का, निम्म्यापर्यंत?”

जीप गेल्यावर अंधार पडायच्या आत दाजींचा फोन आला. आवाज मोठा, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. माझ्या बहिणीकडं पोचलीस का, त्यांनी विचारलं.

“न्हाई,” अक्का म्हणाली. “त्याच येऊन गेल्या. हळदी-कुंकवाला आल्त्या.”

“कुणाच्या घरी?”

“माझ्या.”

 अक्कानं फोन ठेवला आणि पायरीवर पाय लांब करून बसली. मग माझ्याकडं न बघता, घरातल्या थोरल्या बाईनं सांगावं तशी म्हणाली, “चहा ठेव गं.”

मी कुणाच्या सांगण्यावरून उठत नाही, हे उदगीरला कुणालाही विचारा. मी उठले, आत गेले आणि किटलीचं बटण दाबलं.